फोटो टाकू नकोस, फाईल मागव

ताई,
मी नागपूरला मानेवाड्यात राहते, वय २९. मागच्या वर्षी तिसाव्या आठवड्यातच मला मुलगा झाला, अकराशे ग्रॅमचा. धंतोलीतल्या एका खासगी दवाखान्यात तो नऊ दिवस काचेच्या पेटीत होता आणि तान्ह्या पोळ्याच्या पहाटे गेला. डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन. आम्ही बिल भरलं, सह्या केल्या आणि घरी आलो. काहीच विचारलं नाही.

गेल्या महिन्यात नणंदेने इंग्लंडच्या लूसी लेटबी नावाच्या नर्सवरचा कार्यक्रम पाठवला आणि माझी झोप उडाली. त्या रात्री काचेतून मी पाहिलं होतं. एक सिस्टर पेटीपाशी नुसती उभी होती, मॉनिटरवरचा आकडा उतरत होता. मग तिने आत हात घातला आणि बाळाच्या तळपायाला काहीतरी केलं. सकाळी बाळ गेलं. दूध काढून आणायला मला फोन करायची ती हीच सिस्टर. संक्रांतीला तिचा मेसेज आला, ‘आज पिल्लाचं बोरन्हाण झालं असतं, आठवण आली.’ तेव्हा मी रडले, थँक्यू म्हटलं. आता तोच मेसेज उघडला की अंगावर काटा येतो. ती लूसीसुद्धा कार्डं पाठवायची म्हणे.

घरच्या ग्रुपवर रोज हेच चालतं. सासरे म्हणतात, अशा बाईला भरचौकात फासावर द्या. दीर म्हणतो, ती निर्दोष आहे, डॉक्टरांनी अडकवली. नणंद म्हणते, ‘काहून गप्प बसली वहिनी? फोटो टाक त्या सिस्टरचा, बाकीच्या आया तरी सावध होतील.’ फेसबुकवरचा तिचा फोटो मी काढून ठेवला आहे. नवऱ्याशी बोलायला गेले की तो उठून बाहेर जातो. मला वेड लागतंय का? फोटो टाकू का?
— मानेवाड्याची एक आई

बाळा,

फोटो टाकू नकोस. हे सगळ्यात आधी सांगते, कारण आज रात्री नणंदेचा पुन्हा फोन येईल आणि तुझा हात मोबाईलकडे जाईल. बाकीचं सावकाश वाच.

आणि तुला वेड लागलेलं नाही. पोटचं लेकरू नवव्या दिवशी गेलं, का गेलं ते कुणी धड बसून सांगितलं नाही आणि तुला विचारायचं सुचलंही नाही. तो प्रश्न इतके महिने आत पडून होता. नणंदेच्या त्या व्हिडिओने त्याला एक चेहरा दिला, इतकंच झालं आहे. प्रश्न खरा आहे. चेहरा खरा आहे की नाही, ते तुला आज माहीत नाही, आणि फोटो टाकून ते कधीच कळणार नाही.

‘नर्स असं करूच शकत नाही’ असं सांगून मी तुला गप्प करणार नाही. असं झालेलं आहे. इंग्लंडातच हॅरॉल्ड शिपमन नावाचा डॉक्टर होता, हाइड गावात त्याचा दवाखाना. म्हाताऱ्या बायांच्या घरी जाऊन तपासायचा, त्यांची विचारपूस करायचा, गावात त्याला मान होता. त्याने त्यांनाच मॉर्फिनसारखी औषधं टोचून मारलं. २००० साली १५ खुनांसाठी तो दोषी ठरला आणि नंतरच्या सरकारी चौकशीने त्याचे २१५ बळी मोजले. १९९८च्या मार्चमध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईने मृत्यूंचा आकडा पाहून शंका घेतली होती, पण पोलिसांनी वरवर तपास करून प्रकरण बंद केलं आणि त्यानंतरही त्याने माणसं मारली. शेवटी तो सापडला तो कागदांमुळे. एका पेशंटच्या नावाने केलेलं खोटं मृत्युपत्र निघालं. मृत्यूनंतर त्याने कॉम्प्युटरवर घुसडलेल्या आजारपणाच्या नोंदी निघाल्या, त्यांच्या वेळेसकट. जर्मनीत नील्स ह्योगेल नावाच्या नर्सवर पहिल्या दवाखान्यात संशय होता, तरी चांगलं प्रशस्तिपत्र देऊन त्याला जाऊ दिलं आणि दुसऱ्या दवाखान्यात तो पुन्हा मारत राहिला. २०१९ साली कोर्टाने त्याला ८५ खुनांसाठी दोषी ठरवलं. म्हणून शंका घेणं हे पाप नाही. शंका घेणाऱ्यांचं ऐकलं असतं तर कितीतरी माणसं वाचली असती.

पण नेदरलँड्समधल्या लुसिया डी बर्कचंही ऐक. हेगच्या बाळांच्या दवाखान्यातली ही सिस्टर. २००१ साली एक बाळ अचानक गेलं, आणि ‘हिच्याच ड्यूटीत इतके मृत्यू कसे’ अशी कुजबुज सुरू झाली. मग मागच्या फायली काढल्या. आधी जे मृत्यू नैसर्गिक म्हणून लिहिले होते तेच आता संशयास्पद ठरले, आणि ती हजर होती म्हणूनच ठरले. हा योगायोग असण्याची शक्यता ३४ कोटी २० लाखांत एक, असा हिशेब कोर्टात मांडला गेला. २००३ साली तिला जन्मठेप झाली. तुरुंगात तिला पक्षाघाताचा झटका आला. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी तो हिशेबच चुकीचा असल्याचं दाखवलं, डॉक्टरांनी फायली नव्याने वाचल्या, आणि २०१० साली ती निर्दोष सुटली. त्या मृत्यूंमध्ये खून नव्हताच. गेलेली वर्षं तिला कोण देणार? आणि ‘तुमचं लेकरू मारलं गेलं’ असं ज्या आयांना आधी सांगितलं आणि मग ‘नाही, तसं नव्हतं’ असं सांगितलं, त्यांनी काय करायचं?

आता लूसी लेटबीची गोष्ट. ती तुझ्यापर्यंत तुकड्यातुकड्यांनी आली आहे, म्हणून सलग सांगते. चेस्टर शहरातल्या दवाखान्याच्या नवजात विभागात जून २०१५ ते जून २०१६ या वर्षात नेहमीपेक्षा जास्त बाळं गेली. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना तिच्यावर संशय आला, पण दवाखान्याच्या व्यवस्थापनाने उलट त्यांनाच तिची लेखी माफी मागायला लावली. पोलिसांकडे प्रकरण गेलं ते २०१७च्या मे महिन्यात. दहा महिने खटला चालला आणि ऑगस्ट २०२३मध्ये ज्यूरीने तिला सात बाळांच्या खुनासाठी आणि आणखी सहा बाळांना मारण्याच्या प्रयत्नासाठी दोषी धरलं. मरेपर्यंत तुरुंग. पुढच्या जुलैत फेरखटल्यात आणखी एका बाळाच्या बाबतीत दोषी ठरली. अपिलाची परवानगी कोर्टाने दोनदा नाकारली.

मग फेब्रुवारी २०२५मध्ये कॅनडाचे डॉक्टर शू ली आणि त्यांच्यासोबतचे नवजात बाळांचे तज्ज्ञ, एकूण चौदा जण, पुढे आले. बाळाच्या रक्तात हवा शिरण्याविषयीच्या ज्यांच्या १९८९च्या लेखाचा खटल्यात आधार घेतला होता, ते हेच डॉक्टर ली. त्यांच्या मते फायलींमध्ये खुनाचा पुरावा दिसत नाही, आजारपण आणि कमी पडलेले उपचार दिसतात. तिच्या वकिलांनी प्रकरण पुन्हा तपासावं म्हणून चुकलेले निकाल तपासणाऱ्या तिथल्या आयोगाकडे अर्ज केला. तेव्हा तुझे सासरे जे म्हणतात त्याला कोर्टाच्या निकालाचा आधार आहे आणि दीर जे म्हणतो त्याला तज्ज्ञांच्या अहवालाचा. पण दोघांपैकी कुणी तो निकाल किंवा अहवाल वाचून बोलतो आहे, असं तुझ्या पत्रावरून वाटत नाही.

मला खटकतं ते हे. २०२३ साली लोक तिचा हसरा फोटो बघून म्हणाले, एवढी साधी दिसणारी बाई, म्हणजे आतून केवढी राक्षसीण असेल! आज तोच फोटो बघून म्हणतात, एवढी साधी बाई असं करेलच कशी? लोकांचा निकाल बदलला, पुरावा तोच राहिला, म्हणजे तिचा चेहरा. आणि ज्यांच्यावरून हे सगळं चाललं आहे त्या, खटल्यात आलेल्या एकूण सतरा बाळांची नावंही कुणाला माहीत नाहीत. कुटुंबांना त्रास होऊ नये म्हणून कोर्टाने त्यांना ‘ए’ पासून ‘क्यू’ पर्यंत अक्षरं दिली. त्यांचे आईबाप बातम्या बघत असतील. एका वर्षी त्यांनी ऐकलं की आपलं बाळ मारलं गेलं, दुसऱ्या वर्षी ऐकलं की कदाचित नाही, आणि दोन्ही वेळा जग त्या बाईबद्दलच भांडत होतं. तुझ्या ग्रुपवरही तेच चाललंय. सासरे, दीर, नणंद सगळे लूसीवर बोलतात. तुझ्या बाळाबद्दल, किंवा ‘पोरी, तुला काय होतंय?’ असं एकाने तरी विचारलं का?

आता तू काचेतून जे पाहिलंस त्याकडे येऊ.

तिसाव्या आठवड्यातलं बाळ मध्येच श्वास घ्यायचं थांबवतं. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून पिकलेलं नसतं. डॉक्टर याला ॲप्निया म्हणतात. अशा वेळी मॉनिटरवरचा ऑक्सिजनचा आकडा उतरायला लागतो. पुष्कळदा काही सेकंदांत बाळ आपणहून श्वास घेतं आणि आकडा वर येतो, म्हणून अनुभवी सिस्टर आधी बाळाकडे आणि आकड्याकडे बघत उभी राहते. आकडा आला नाही वर, तर पेटीच्या खिडकीतून हात घालून तळपायाला टिचकी मारते, पाठ चोळते. हाच पहिला उपाय. त्यानेही भागलं नाही तर तोंडावर मास्क लावून पिशवी दाबून श्वास देतात. म्हणजे तू जे पाहिलंस, ते नवजात विभागात नेहमी घडणारं दृश्य आहे. तळपायाला ‘काहीतरी’ केलं, ते बहुतेक तुझ्या बाळाला श्वासाची आठवण करून देणं होतं.

तुझ्या मनात ते उलटं का फिरलं तेही सांगते. लेटबीच्या फेरखटल्यात एका डॉक्टरांची साक्ष होती: मी आत गेलो तेव्हा ती पेटीपाशी उभी होती, ऑक्सिजन उतरत होता आणि ती काहीच करत नव्हती. त्या साक्षीचे शब्द तुझ्या आठवणीला चिकटले आहेत. पण नीट बघ. तिथे आरोप बाळाची श्वासाची नळी मुद्दाम सरकवल्याचा होता, आणि साक्षीत होतं की आकडा उतरत असताना तिने मदतीला हात लावला नाही. तू जिला पाहिलंस तिने हात लावला.

मेसेजचंही तसंच आहे. लेटबीने एका कुटुंबाला सांत्वनाचं कार्ड पाठवलं होतं आणि गेलेल्या बाळांच्या आईबापांना फेसबुकवर शोधलं होतं, आणि सरकारी वकिलांनी दोन्ही गोष्टी कोर्टात मांडल्या. पण नऊ दिवस ज्या बाळाचं दूध तिने हाताने भरवलं, ते बाळ संक्रांतीला आठवणं हे माणसाचं लक्षण आहे. मी अशा सिस्टरना भेटले आहे. गेलेल्या बाळांचे वार त्यांच्या लक्षात असतात, आणि हे बोलायला त्यांना ड्यूटीवर जागा नसते.

इतकं म्हटलं म्हणून ती सिस्टर निर्दोष आहे असं प्रमाणपत्र मी देत नाही. मला ते देता येणार नाही, जसं नणंदेला दोषाचं देता येणार नाही. त्या रात्री खरंच चूक झाली असेल. औषधाचा डोस चुकला असेल, डॉक्टरला बोलवायला उशीर झाला असेल, एकीच्या गळ्यात नको तितकी बाळं बांधली असतील. कमी दिवसांच्या बाळाचं रक्त एकदा नासलं की काही तासांत ते हातचं जातं, आणि ते जंतू कुणाच्या हातातून आले की सलाईनच्या नळीतून, हे कधी कधी कळतच नाही. चेस्टरच्या खटल्यात बचाव पक्षाने लेटबीशिवाय एकच साक्षीदार उभा केला, तो दवाखान्याचा प्लंबर. सांडपाण्याच्या नळांच्या तक्रारींबद्दल त्याने सांगितलं. ज्यूरीवर त्याचा परिणाम झाला नाही, पण बाळ जातं तेव्हा प्रश्न कुठकुठे विचारावे लागतात ते त्यातून दिसतं.

आपल्या शेजारच्या भंडाऱ्याचं आठव. ९ जानेवारी २०२१च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली, दहा बाळं गेली, सात वाचली. आपण सगळे हादरलो होतो. त्या दिवसांत जो तो एकच विचारत होता, सिस्टर कुठे होत्या? विचारायलाच हवं होतं, आणि सिस्टरांवर कारवाईही झाली, जिल्हा शल्यचिकित्सकांचं निलंबनही झालं. पण त्या दोन सिस्टरांच्या नावापलीकडे वायरिंग, धूर ओळखणारी यंत्रणा, बाहेर पडायची वाट, हे प्रश्न लोकांच्या तोंडी किती दिवस टिकले? एका बाईचा चेहरा मिळाला की राग तिथे थांबतो आणि दवाखाना तसाच चालू राहतो. तुझ्या रागाचं असं व्हावं असं मला वाटत नाही.

फोटो टाकलास तर काय होईल, तेही बघ. नागपुरात धंतोलीतली सिस्टर कुठल्या गल्लीत राहते हे शोधायला संध्याकाळ पुरते. तिच्या दारात कोण जाईल, कुठल्या शब्दांत जाईल, यावर तुझा ताबा राहणार नाही. ती निर्दोष असली तर तू एका बाईचं आयुष्य मोडलंस. ती दोषी असली तर तिला आणि दवाखान्याला सावध केलंस. शिवाय बदनामीचा गुन्हा तुझ्यावर दाखल होऊ शकतो आणि मग तारखांना तू जाशील, नणंद नाही. तिला एवढंच सांग, ‘माझ्या बाळाचं आहे, मी माझ्या पद्धतीने विचारणार आहे, मला मदत करायची तर सोबत चल.’ आणि काही दिवस तो ग्रुप म्यूट कर. सासऱ्यांना वाईट वाटणार नाही, त्यांना कळणारही नाही. फोटो मोबाईलमधून काढून टाक. मेसेज मात्र राहू दे. तिला ब्लॉकही करू नकोस आणि तिच्याशी भांडूही नकोस.

मग करायचं काय? फाईल मागव. वैद्यक परिषदेच्या २००२च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या पेशंटचे कागद डॉक्टरांनी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचे असतात, आणि पेशंटने किंवा त्याच्या माणसाने मागितले की ७२ तासांत द्यायचे असतात. तुझ्याकडे आज असेल ते डिस्चार्ज कार्ड आणि बिल, त्यावरून काहीच कळत नाही. तुला हवं ते नर्सिंग चार्टमध्ये आहे: दर तासाचा ऑक्सिजन, नाडी, किती दूध पाजलं, ॲप्निया किती वेळा आला, त्या पहाटे डॉक्टरला कितीला कळवलं आणि ते कितीला आले. ‘इन्फेक्शन’ म्हणाले ना? मग ब्लड कल्चरचा रिपोर्ट असला पाहिजे, त्यात कुठला जंतू निघाला आणि कुठलं औषध सुरू होतं ते दिसेल.

कागद आले की ते तू एकटीने रात्री वाचत बसू नकोस. गूगलवर तर नकोच. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, बालरोग विभागात किंवा मिहानच्या एम्समध्ये, त्या दवाखान्याशी संबंध नसलेल्या नवजात तज्ज्ञाला दाखव. त्यांना ‘कुणाची चूक’ असं विचारू नकोस. ‘त्या पहाटे माझ्या बाळाला काय झालं ते मला समजावून सांगा’ असं विचार. त्यांनी म्हटलं की इथे गडबड दिसते, तर पुढचे रस्ते आहेत. डॉक्टरविरुद्ध महाराष्ट्र वैद्यक परिषद, सिस्टरविरुद्ध महाराष्ट्र परिचर्या परिषद, नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोग. आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून कागद आणायला उशीर नको. पोलिसांकडेही जाता येतं, पण सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली जेकब मॅथ्यू प्रकरणात सांगितलं आहे की निष्काळजीपणाच्या तक्रारीत पोलिसांनी पुढे जाण्याआधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी डॉक्टरचं मत घ्यावं. म्हणजे तिथेही हीच फाईल लागणार. आणि तज्ज्ञ म्हणाले की बाळ वाचण्यासारखं नव्हतं, तर ते ऐकणं सोपं नसेल. त्या दिवशी एकटी जाऊ नकोस.

नवऱ्याला सोबत ने. तो उठून जातो कारण ‘तुला काय वाटतं’ या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही. ॲडव्हान्स भरायला, रक्त आणायला, औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन खाली पळायला तोच असेल ना त्या नऊ दिवसांत? असे बाप आत काय चाललंय ते बोलत नाहीत, काम सांगितलं तर करतात. त्याला म्हण, ‘गुरुवारी दवाखान्यात अर्ज द्यायला चल.’ रिक्षात काही बोलला तर बोलू दे. आणि झोप अशीच उडालेली राहिली, तर १४४१६ हा टेली मानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. नाहीतर मेडिकलच्या मानसोपचार ओपीडीत जा.

अर्ज साधा असू दे, कुणावर आरोप नको:

‘प्रति, वैद्यकीय संचालक. आमचं बाळ (आईच्या नावाने भरती, आयपीडी क्रमांक अमुक) आपल्या नवजात कक्षात अमुक ते अमुक तारखेपर्यंत होतं व तिथेच मरण पावलं. त्याच्या संपूर्ण केस पेपरची प्रत द्यावी: डॉक्टरांच्या नोंदी, नर्सिंग चार्ट, औषधांचा तक्ता, रक्ताचे सर्व रिपोर्ट, एक्स-रे, मृत्यूच्या कारणाचा दाखला. तसेच मृत्यूविषयी समजावून सांगण्यासाठी बाळाच्या डॉक्टरांनी आम्हा दोघांना वेळ द्यावी.’

खाली दोघांच्या सह्या. दोन प्रती ने, एक त्यांना दे, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही घे. काउंटरवरची मुलगी ‘साहेब नाहीत, उद्या या’ म्हणाली तर तिथेच बसा, नाहीतर तोच अर्ज पोस्टाने रजिस्टर करून पाठवा आणि पावती जपून ठेवा. ७२ तास त्या तारखेपासून मोजायचे.